स्कॅन डिलीट केला, तरी पुश अडतोच

"अण्णा, पुश होईना."

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका डिझाईन रूममधून हा निरोप मला पंधरा दिवसांतून एकदा तरी येतो. चादर आणि टॉवेलचा कारखाना आहे. चार पोरं जुने नमुने स्कॅन करून फोटोशॉपमध्ये साफ करतात आणि त्यावरून जकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचा, ग्राफ काढतात. हे सगळं एका गिट रेपोत, म्हणजे फायलींच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साठ्यात, जातं, आणि तो रेपो गिटहबच्या सर्व्हरवर आहे. तिकडे पाठवणं म्हणजे पुश. ती व्यवस्था मीच लावून दिली, त्यामुळे तक्रारही माझ्याच खात्यात.

"काय म्हणतंय?"

"लार्ज फाईल्स डिटेक्टेड. जीएच शून्य शून्य एक."

"मग तू काय केलास बे?"

"फाईल डिलीट केली, परत कमिट केलं, परत पुश मारला. परत तेच की."

हे "परत तेच" नीट कळलं की निम्मं काम झालं. पुश करताना आपण फोल्डर पाठवत नाही, कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, पाठवतो. पहिल्या कमिटमध्ये स्कॅन आत गेला, दुसऱ्यात तो काढल्याची नोंद झाली. दोन्ही कमिट पुशमध्ये जातात आणि पहिल्याच्या पोटात ती १०२ एमबीची फाईल तशीच असते. खतावणीत चुकीची रक्कम लिहून पुढच्या ओळीत ती वजा केली, तर शिल्लक बरोबर येते, पण आधीची ओळ काही पुसली जात नाही. गिटचं तसंच आहे.

या पोरांना आणखी एक कोडं पडायचं. स्कॅनर तोच, सेटिंग तेच, तरी एक स्कॅन जातो आणि दुसरा अडतो. त्यामुळे "नेटचा प्रॉब्लेम आहे" असा निकाल लागायचा. मी एकदा कागदावर हिशोब मांडला. ए-फोर कागद ६०० डीपीआयला रंगीत स्कॅन केला, की ४९६० गुणिले ७०१६ पिक्सेल होतात. प्रत्येक पिक्सेलला तीन बाईट धरले, तर बिनकॉम्प्रेस टिफ (स्कॅनची चित्र-फाईल) होते १०,४३,९८,०८० बाईटची. त्याला १०,४८,५७६ ने (एका एमबीतले बाईट) भागा: ९९.५६ एमबी. गिटहबची एका फाईलची हद्द १०० आहे, म्हणजे फाईल काठावरून पार. आता पोराने ए-फोरची चौकट न निवडता स्कॅनरची पूर्ण काच घेतली, तर ५१०० गुणिले ७०२० पिक्सेल होतात आणि आकडा जातो १०२.४३ वर. झालं, अडली. ए-फोरची चौकट निवडली की पूर्ण काच घेतली, यावर पुश जाणार की नाही हे ठरत होतं, आणि शिव्या खात होता नेटवाला.

५० एमबीच्या वर फाईल गेली की गिटहब नुसता इशारा देतं, १०० च्या वर थेट नाकारतं. म्हणजे आमचा प्रत्येक स्कॅन इशारा देतच जात होता. तो पिवळा मजकूर कुणी वाचत नव्हतं, मीसुद्धा नाही.

टिफला एलझेडडब्ल्यू कॉम्प्रेशन लावून बघितलं. विणलेल्या कापडाच्या स्कॅनमध्ये इतका बारीक दाणा असतो की फाईल फारशी आटत नाही. तो रस्ता सोडून दिला.

आता दुरुस्ती. खालच्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांत टाकायच्या. जिथे दोन रेघा आहेत तिथे दोनच, एक नाही.

सगळ्यात आधी बघायचं की नेमके किती कमिट अजून आपल्याच मशीनवर अडकलेत:

गिट लॉग --वनलाईन ओरिजिन/मेन..हेड

समजा तीन ओळी आल्या. फाईल शेवटच्याच कमिटमध्ये आली असेल, तर काम एका मिनिटाचं:

गिट आरएम --कॅश्ड "स्कॅन/नमुना-१२.टिफ"
गिट कमिट --अमेंड

इथे --कॅश्ड विसरलात तर फाईल डिस्कवरूनही उडते. आमच्याकडे एकदा उडाली होती, आणि तो नमुना ज्या चादरीचा होता ती गिऱ्हाईक परत घेऊन गेलं होतं.

फाईल मागच्या कमिटमध्ये असेल किंवा वरच्यासारखं घातली-काढली झालं असेल, तर तिन्ही कमिट उसवून एकच नवा कमिट करायचा:

गिट रिसेट --सॉफ्ट हेड~३
गिट स्टेटस
गिट कमिट

सॉफ्ट म्हणजे केलेलं काम जागेवर राहतं, फक्त कमिटच्या गाठी सुटतात. घातली-काढली झालेली फाईल आता यादीत दिसणारच नाही, कारण बेरीज-वजाबाकी होऊन ती शून्य झाली. अजून दिसत असेल, तर कमिटच्या आधी वरचीच कॅश्डवाली आज्ञा. हेडच्या पुढचा आकडा लॉगमधल्या ओळी मोजून टाकायचा. नेटवर बरेच जण थेट "रिसेट --सॉफ्ट ओरिजिन/मेन" करायला सांगतात, मी सांगत नाही. मधल्या वेळात दुसऱ्या पोराचं काम सर्व्हरवरून फेच करून (उतरवून) घेतलेलं असेल, तर त्या आज्ञेनंतरचा कमिट त्याचं काम उलटवून टाकतो, आणि तेही गुपचूप. हे मी स्वतः करून भोगलंय. (दुसऱ्या दिवशी शेंगा चटणी आणि कडक भाकरीची पार्टी माझ्या खर्चाने झाली.)

पण स्कॅन रेपोत हवाच असेल तर? तर गिट एलएफएस. यात मोठी फाईल वेगळ्या गोदामात जाते आणि गिटमध्ये राहते तीन ओळींची चिठ्ठी: आवृत्ती, एसएचए-२५६ चा ठसा आणि आकार. चिठ्ठी साधारण १३० बाईटची. अडकलेल्या कमिटमधल्या टिफ फायली एलएफएसमध्ये हलवायला ही आज्ञा:

गिट एलएफएस मायग्रेट इम्पोर्ट --इन्क्लूड="*.टिफ"

हिची चांगली गोष्ट अशी की, वेगळं काही सांगितलं नाही तर ती चालू ब्रँचवरचे फक्त न पाठवलेले कमिट पुन्हा लिहिते. जे आधीच सर्व्हरवर गेलंय त्याला हात लावत नाही, त्यामुळे बाकीच्यांना त्रास नाही. चालवण्याआधी अर्धवट काम कमिट करून घ्या. कोणत्या फायली एलएफएसच्या, हे ज्यात लिहिलेलं असतं ती डॉट-गिटअॅट्रिब्यूट्स फाईल ती स्वतःच लिहून देते. मग नेहमीचा पुश.

एवढ्यावर लेख संपायला हवा होता. पण एलएफएस लावल्यावरही महिन्याभरात तोच निरोप आला, मग पुन्हा आला, आणि दर वेळी कारण निराळं निघालं. खरं डोकं तिथेच खर्ची पडलं.

पहिल्या वेळी पोराने "गिट एलएफएस ट्रॅक" ही, कोणत्या फायली एलएफएसमध्ये घ्यायच्या हे सांगणारी आज्ञा अवतरणचिन्हांशिवाय दिली होती. बॅशमध्ये तारा-टिफ असं मोकळं लिहिलं, की गिटच्या हातात पडण्याआधी शेलच त्याचा अर्थ लावतं आणि त्या क्षणी फोल्डरमध्ये असलेल्या फायलींची नावं भरून टाकतं. म्हणजे त्या दिवशीचे सात स्कॅन ट्रॅक झाले आणि पुढच्या सोमवारचा आठवा साधा म्हणून आत गेला. अवतरणचिन्हं घालायचीच, तीही दुहेरी. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर एकेरी चिन्हं घातली, तर ती नमुन्याचाच भाग होऊन बसतात आणि मग काहीच जुळत नाही. ट्रॅक केल्यावर डॉट-गिटअॅट्रिब्यूट्स उघडून बघा. एक ओळ हवी, त्यात तारा हवा, आणि ती फाईलही कमिट व्हायला हवी.

दुसऱ्या वेळी स्कॅनरच निघाला. जुना स्कॅनर फाईलचं शेपूट छोट्या अक्षरांत लिहायचा, नवा आला तो कॅपिटलमध्ये लिहितो. लिनक्सवर हे दोन वेगळे नमुने आहेत. विंडोजवर गिट सहसा दोन्ही एकच मानतं, त्यामुळे तीन मशीनवर चालत होतं आणि चौथ्यावर नाही. नमुना असा लिहून टाकला, की मोठं-छोटं दोन्ही बसेल: प्रत्येक अक्षराच्या जागी चौकोनी कंसात त्याची दोन्ही रूपं. शिवाय टिफ हे नाव एका एफने आणि दोन एफनेही लिहितात. दोन्हींच्या ओळी घाला.

तिसरी वेळ सगळ्यात छुपी. मशीन फॉरमॅट झालं, गिट नव्याने बसवलं, पण "गिट एलएफएस इन्स्टॉल" कुणी चालवलं नाही. ही आज्ञा त्या मशीनवरच्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी एकदा द्यावी लागते. उबुंटूवर तर एलएफएस हे पॅकेजच वेगळं बसवावं लागतं. नाही दिली तर गिट भांडत नाही. डॉट-गिटअॅट्रिब्यूट्समध्ये एलएफएसच्या गाळणीचं नाव आहे, पण गाळणी बसवलेलीच नाही, असं बघून ते मुकाट्याने पूर्ण फाईल आत घेतं. १०० एमबीच्या आतली असेल तर पुशही होते. मग बाकीच्यांच्या मशीनवर इशारा येतो की अमुक फायली चिठ्ठ्या असायला हव्या होत्या, पण नाहीत. हात न लावलेली फाईल स्टेटसमध्ये बदललेली दिसते आणि कितीही रिसेट केलं तरी जात नाही. पोरं म्हणाली, रेपोला भूत लागलंय. उतारा असा:

गिट एलएफएस इन्स्टॉल
गिट अॅड --रीनॉर्मलाइज .
गिट कमिट

याने पुढचं सुधारतं. इतिहासातली जुनी प्रत तशीच राहते.

उलटा प्रकारही होतो. एलएफएस नसलेल्या मशीनवर क्लोन केलं, म्हणजे रेपोची पूर्ण प्रत उतरवली, तर टिफच्या जागी ती १३० बाईटची चिठ्ठीच उतरते. फोटोशॉप म्हणतं फाईल उघडत नाही, आणि फोन येतो की "फाईल करप्ट झाली". झालेली नसते. एलएफएस बसवून "गिट एलएफएस पुल" केलं की मूळ फाईल येते.

या तिन्ही घोळांवर मी पोरांना एकच तपासणी शिकवली आहे. अॅड केल्यावर, कमिटच्या आधी:

गिट कॅट-फाईल -एस :"स्कॅन/नमुना-१३.टिफ"

नावाच्या आधीचा कोलन (:) महत्त्वाचा. त्याचा अर्थ, डिस्कवरची नाही, गिटने उचललेली प्रत. उत्तर १३० च्या आसपास आलं तर चिठ्ठी गेली, ठीक. नऊ आकडी आलं तर थांबा.

आता इतिहासातली घाण. गेल्या दोन वर्षांत १०० च्या आतले जे स्कॅन सरळ आत गेले, त्यांनी रेपो फुगवला होता. "गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्हीएच" मध्ये साईज-पॅकचा आकडा जीबीत होता. जुळे सोलापुरातल्या घरून नवा क्लोन घ्यायला मला चहा, जेवण आणि एक डुलकी लागली. अपलोडचं तर विचारूच नका. १० एमबीपीएसच्या अपलोडवर २ जीबी पाठवायला कागदावरच सत्तावीस मिनिटं लागतात, आणि गिटहबची आकाराची तपासणी सगळा माल तिकडे पोचल्यावर होते. साधा पुश मध्ये तुटला तर पहिल्यापासून सुरू. एलएफएसमध्ये निदान पोचलेल्या फायली पुन्हा पाठवाव्या लागत नाहीत. एप्रिलच्या दुपारी लाईट गेली की हा फरक फार मोठा वाटतो.

सफाईला गिट-फिल्टर-रेपो हे साधन वापरलं. पायथनच्या पिपने बसतं. आधी --मिरर घालून केलेला एक क्लोन बाहेरच्या डिस्कवर, हा विमा. मग ताज्या क्लोनमध्ये:

गिट फिल्टर-रेपो --अॅनालाइझ

याने डॉट-गिटच्या आत अहवालांचं फोल्डर तयार होतं. त्यात कोणती फाईल किती जागा खाते हे उतरत्या क्रमाने मिळतं. आमच्या यादीत वरच्या वीसमधले अठरा स्कॅन होते आणि दोन कुणाच्या तरी लग्नाचे व्हिडिओ. त्यानंतर:

गिट फिल्टर-रेपो --स्ट्रिप-ब्लॉब्स-बिगर-दॅन ५०एम

पन्नासच्या वरचं सगळं इतिहासातून जातं, म्हणून आधी हवे ते स्कॅन बाजूला काढून ठेवा. हे साधन ओरिजिनचा पत्ता मुद्दाम काढून टाकतं, चुकून पुश होऊ नये म्हणून. तो "गिट रिमोट अॅड" ने परत घालायचा आणि मग --फोर्सने पुश.

त्या रात्री मी खूश होऊन झोपलो. दोन दिवसांनी रेपो पुन्हा तेवढाच. कारण कारखान्याच्या लूम शेडमध्ये एक जुनं मशीन आहे. डिझाईन उतरवून जकार्डला द्यायला ते वापरतात. त्यावर जुना क्लोन होता. तिथल्या माणसाने सवयीने पुल केलं (सर्व्हरवरचे बदल उतरवून घेतले), गिटने जुना आणि नवा इतिहास जोडला, त्याने पुश केला, आणि काढलेले सगळे स्कॅन वाजतगाजत परत आले. त्याची काही चूक नाही. सांगायचं मी विसरलो होतो. इतिहास पुन्हा लिहिला की जुन्या क्लोनवर पुल करायचंच नाही. तो फोल्डर बाजूला ठेवायचा आणि नवा क्लोन घ्यायचा. एकूण एक मशीनवर. सफाईच्या आधी यादी करा, कोणकोणत्या मशीनवर क्लोन आहे. आमची यादी चारची वाटत होती, निघाली सात.

दुसऱ्यांदा सफाई करताना मी स्वतःला एक प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता: हे स्कॅन गिटमध्ये हवेत कशाला? जुन्या चादरीचा स्कॅन एकदा काढला की बदलत नाही. ज्याला दुसरी आवृत्तीच नाही, त्याला आवृत्त्या सांभाळणारं साधन कशाला? बदलतो तो जकार्डचा ग्राफ, आणि तो हलका असतो. २६८८ हुकांच्या (ताण्याचे धागे उचलणारे आकडे) इलेक्ट्रॉनिक जकार्डसाठी ४००० पिकांचा (बाण्याचे आडवे धागे) बिटमॅप घेतला, तरी एका पिक्सेलला एक बाईट धरून पावणेअकरा एमबीच्या आत बसतो. त्यात सपाट रंगांचे मोठे पट्टे असतात, त्यामुळे गिट तो दाबून पार बारीक करतं. धंद्याचा जीव त्या ग्राफमध्ये आहे, आणि त्याला एलएफएसची गरजच नाही.

मधली चीज म्हणजे फोटोशॉपच्या थरांच्या फायली. त्या जड आहेत आणि बदलतातही. फक्त त्या एलएफएसमध्ये ठेवल्या. तिथेही हात राखून. एलएफएस प्रत्येक आवृत्ती पूर्ण साठवतं, ३०० एमबीची फाईल दहा वेळा जपून ठेवली की ३ जीबी झाले. गिटहबच्या फुकट खात्यात एलएफएसमधली एक फाईल २ जीबीपर्यंतच चालते, आणि एकूण साठ्याचा नि डाउनलोडचा कोटा वेगळाच. पोरांना सांगितलंय, संध्याकाळी एकदाच कमिट करा, दर ब्रशच्या फटकाऱ्याला नको. स्कॅन आता दोन बाहेरच्या डिस्कवर आहेत, एक कारखान्यात आणि एक मालकांच्या घरी. रेपोत फक्त नावांची आणि ठशांची यादी.

स्कॅनचं फोल्डर डॉट-गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने बघायचंच नाही अशा यादीत, घातलंय. पण जी फाईल आधीच ट्रॅक झालेली आहे तिला हे लागू पडत नाही. तिच्यासाठी आधी कॅश्डवालं काढणं, मग इग्नोर.

शेवटची भिंत म्हणून प्री-कमिट हुक घातला. हा जकार्डचा हुक नव्हे, कमिटच्या आधी गिट आपोआप चालवतं ती छोटी स्क्रिप्ट. तो स्टेज झालेल्या (अॅड करून कमिटसाठी उचललेल्या) प्रत्येक फाईलवर वरचीच कॅट-फाईल तपासणी करतो आणि आकडा ५० एमबीच्या वर असेल तर कमिट थांबवतो. डिस्कवरचा आकार तपासू नका, नाहीतर एलएफएसच्या फायलीही अडवून बसाल. हुक क्लोनबरोबर येत नाहीत, म्हणून ते रेपोतल्याच एका फोल्डरमध्ये ठेवून प्रत्येक मशीनवर कोअर-डॉट-हुक्सपाथ त्याच्याकडे वळवलं.

आणि त्यानेच नवा घोळ झाला. एलएफएसचा स्वतःचा प्री-पुश हुक जुन्या फोल्डरमध्ये राहिला. पुश केल्यावर चिठ्ठ्या निघाल्या, माल निघाला नाही, आणि गिटहबने जीएच००८ म्हणून सगळंच परत पाठवलं. हुक्सपाथ बदलल्यावर "गिट एलएफएस इन्स्टॉल" पुन्हा चालवा, म्हणजे तो आपले हुक नव्या जागी ठेवतो. मागे राहिलेला माल "गिट एलएफएस पुश --ऑल ओरिजिन" ने जातो. लिनक्सवर आपल्या हुकला चालवण्याची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर गिट त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

सातपैकी सहा मशीनवर हे बसवून झालंय. सातवं ते लूम शेडमधलं. त्याचा पासवर्ड फक्त रात्रपाळीच्या मास्तरांना माहीत आहे, आणि ते गड्ड्याच्या जत्रेनंतर सुट्टीवर गेलेत. तोवर त्या खात्याचा गिटहबवरचा लिहिण्याचा हक्क काढून नुसता वाचण्याचा ठेवलाय.